वाचकांचे प्रश्न : घोंगड्यांच्या पुढे

प्रश्न : आमचा गट दर नाताळात वस्तीत घोंगड्या वाटतो. ख्रिस्ताची शिकवण एवढ्याने आचरली जाते का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : घोंगड्या अवश्य वाटाव्यात, थंडी आपल्या तत्त्वचर्चेसाठी थांबत नाही. मात्र आपल्याच भागातील उदाहरण पाहावे. देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात कॅथलिक धर्मभगिनी सिस्टर राणी मारिया यांनी भूमिहीन आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी बचतीचा व बँकेच्या कर्जाचा मार्ग दाखवला. त्यामुळे हितसंबंध दुखावले आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येताना, बसप्रवासात त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, जे मला तरी अधिक अवघड वाटते. यंदा घोंगडी देताना कर्ज कोणाचे, व्याज किती, हेही विचारावे आणि कागदपत्रे समजणारा सभासद सोबत न्यावा.