सगळेच घेतात, मग मीच का नको?

प्रश्न: ताई, मी १९ वर्षांचा, कोल्हापूरला तालमीत राहतो. खुराकाच्या खर्चापायी घरची एक म्हैस विकावी लागली. ७४ किलोच्या निवड चाचणीत दोनदा हरलो. जोडीदार म्हणतो, वरचे सगळे इंजेक्शन मारतात. त्याने दिलेलं एक घेतलं. कुस्तीत दम लागला नाही, फक्त रात्रभर छाती धडधडत होती. सगळेच घेत असतील तर यात फसवणूक कुठली? सरळ परवानगीच का देत नाहीत?

उत्तर: छातीची धडधड तू एका ओळीत उरकलीस. मी तिथेच अडकले. ते बहुधा मेफेंटरमाइन असावं. जिममध्ये चोरून विकलं जातं ते हेच. ऑपरेशन चालू असताना रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ ते देतात, तेही समोर मॉनिटर ठेवून. त्याने दमणूक जात नाही रे, कळेनाशी होते. हृदयाला मात्र ती पुरेपूर कळते.

आता तुझा युक्तिवाद. परवानगी मागणारे काही मूर्ख नाहीत. चाचणी करणारे कायम चोराच्या दोन पावलं मागे, त्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीत उघड घेऊ द्या, असं ते म्हणतात. पण डॉक्टरांच्या हातून हे सगळं पूर्व जर्मनीत झालेलं आहे. तिथे सरकारच खेळाडूंना स्टेरॉइडच्या गोळ्या द्यायचं, व्हिटॅमिन म्हणून. गोळाफेकीत १९८६ साली युरोपची विजेती ठरलेल्या हायडी क्रीगरला त्या सुरू झाल्या तेव्हा ती १६ वर्षांची होती. तिचं शरीर पुरुषी होत गेलं. आज ती व्यक्ती अँड्रियास या नावाने पुरुष म्हणून जगते. आपण कोण आहोत हे स्वतःचं स्वतः ठरवायची संधीच गोळ्यांनी हिरावली, हे त्याचं दुःख आहे. एकदा परवानगी मिळाली की नको म्हणणाऱ्याला संघात जागा उरत नाही, आणि मग चढाओढ कुस्तीची न राहता डोसची होते. त्यात म्हैस विकून आलेला पोरगा कुठे टिकणार?

आणि सापडलास तर? नरसिंग यादव आठव. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, तुझ्याच वजनाचा. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या आदल्या दिवशी त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. कुणीतरी खाण्यापिण्यात मिसळलं, हे त्याचं म्हणणं नाडाने, म्हणजे उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या आपल्या राष्ट्रीय संस्थेने, मानलं होतं. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते फेटाळलं. तू तर स्वतः दंड पुढे केलास.

जोडीदार पुढे स्टेरॉइडही काढेल. अंग भरेल, पण बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बनवणं थांबवतं. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात, छातीला गाठी येतात. हे तालमीत कुणी बोलत नाही, लाज वाटते म्हणून.

या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा, ईसीजी काढ आणि डॉक्टरांना काय घेतलंस ते खरं सांग. तोवर जोर-बैठका बंद. वस्ताद भले असतील तर त्यांच्याही कानावर घाल. आणि हो, जोडीदार ती बाटली तुला कितीला देतो, ते पत्रात लिहायचं राहिलं बघ.