संशयी स्वभाव की आजार? प्रकार शोधण्याआधी वय बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थोरले दीर, वय 48. गेल्या दीड वर्षापासून म्हणतात, भाऊबंद रात्री बांध सरकवतात, कलमांवरचे आंबे उतरवून नेतात आणि घरातलेही त्यांना सामील आहेत. व्यक्तिमत्त्व विकाराच्या दहा प्रकारांतला हा ‘संशयी’ का?

बहुतेक नाही, आणि कारण तुमच्याच लिहिण्यात आहे: ‘दीड वर्षापासून’. व्यक्तिमत्त्व विकार असा मध्येच उपटत नाही. तो किशोरवयात किंवा विशीत दिसू लागतो आणि घर, नोकरी, मैत्री सगळीकडे तोच साचा वर्षानुवर्षं चालतो. संशयी प्रकारातला माणूस पंचविशीत मुंबईच्या खोलीवरही तसाच असतो: साध्या बोलण्यात टोमणा शोधणार, धरलेली अढी सोडणार नाही. मोकळा माणूस सत्तेचाळिशीत बदलला, तर भ्रमविकार (खोटी समजूत पुरावा दाखवूनही न सुटणं), नैराश्य, दारू, थायरॉइड, मेंदूचा आजार हे आधी तपासायचं. (आणि बांध खरंच सरकलाय का, तेही. सामाईक सातबारा असेल तर मोजणी करून घ्या.)

प्रकारांबद्दल. डीएसएम-5 या मनोविकारांच्या 2013 च्या अमेरिकन वर्गीकरणात तीन गट आहेत. पहिल्यात संशयी, एकलकोंडा आणि विचित्र समजुतींचा. या तिसऱ्यात आपल्याकडे घोळ होतो. गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालणं, देवाला कौल लावणं हे लक्षण नव्हे, कारण सगळा गावच ते मानतो. गावालाही जे चमत्कारिक वाटेल, तेच मोजायचं. दुसऱ्या गटात समाजविघातक (वय 18 पूर्ण आणि वर्तनाचा गंभीर बिघाड 15 च्या आधीपासून, दोन्ही लागतं), बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा), नाटकी आणि आत्मकेंद्री. बॉर्डरलाइनसाठी नऊपैकी किमान पाच निकष लागतात. नुसता तापट म्हणजे बॉर्डरलाइन नव्हे. तिसऱ्या गटात नकाराच्या भीतीने माणसं टाळणारा, परावलंबी आणि अतिकाटेकोर. अतिकाटेकोर आणि ओसीडी (नको असलेले विचार आणि कृती पुन्हापुन्हा होण्याचा आजार) वेगळे. ओसीडीवाल्याला पुन्हापुन्हा हात धुण्याचा स्वतःलाच जाच होतो; अतिकाटेकोराला आपलंच बरोबर वाटतं, जाच घरच्यांना.

2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाने, तर हे बहुतेक कप्पे काढूनच टाकले. तिथे आधी तीव्रता ठरवतात, सौम्य, मध्यम की तीव्र, आणि मग स्वभावाचे कल. मला हे जास्त पटतं, कारण एका माणसात दोन-तीन प्रकारांची सरमिसळ नेहमीची.

आता करायचं काय. एका कागदावर लिहा: पहिला संशय कधी, झोप किती, दारू किती, कुठली औषधं चालू, विशीत स्वभाव कसा होता. शेवटचं त्यांच्या बहिणीला किंवा जुन्या मित्राला विचारा. तुम्ही घरात नंतर आलात. कागद घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं. ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की ते उठणार नाहीत. झोप लागत नाही, हे निमित्त खरंही आहे आणि चालतंही.

‘तुमचा भ्रम आहे’ म्हणून वाद घालू नका आणि ‘हो, चोरच ते’ असंही म्हणू नका. ‘तुम्हाला त्रास होतोय, दिसतंय’ एवढं पुरे. गोळी आमटीत कालवून तर मुळीच देऊ नका. एकदा कळलं की घरातले सामील आहेत याचा त्यांना पुरावाच मिळतो, आणि मग ते तुमच्या हातचं पाणीही घेणार नाहीत.