गाडीची बॅटरी खरंच फुटते का? जंपर लावताना काय सांभाळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वारज्यात सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी तीन आठवडे उभी होती, बॅटरी उतरली. शेजारचे काका त्यांच्या गाडीवरून जंपर (दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या, टोकांना चिमटे असलेल्या तारा) लावून देऊ म्हणतात, पण बॅटरी फुटून तोंडावर अ‍ॅसिड उडतं असं तुम्ही ऐकलंय. ते खरं का?

खरं आहे. नेहमी होत नाही, पण होतं तेव्हा माणूस बॉनेटखाली वाकलेला असतो, हीच पंचाईत. बॅटरी चार्ज होत आली की आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो. व्होल्टेज 14.4 च्या वर गेलं की जास्तच. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीलाही वायू बाहेर पडायला बारीक भोकं असतात, तेव्हा सीलबंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वायू तर थांबवता येत नाही. ठिणगी कुठे पडेल, ते मात्र आपल्या हातात असतं.

जंपर लावण्याआधी बॅटरीकडे नीट बघा. पोट फुगलंय, तडा गेलाय, ओल दिसते किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतोय, यातलं एक जरी असेल तर तिला जंपरही नको आणि चार्जरही नको. वरच्या गोल काचेचा रंग पाहा: हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे उतरलेली, पांढरट किंवा पिवळट म्हणजे आतलं पाणी कमी. पाणी कमी असताना प्लेटा उघड्या पडतात, वर वायूला जागा जास्त होते आणि आतल्या आतच ठिणगी पडू शकते. काच मात्र एकाच सेलचं, म्हणजे बॅटरीतल्या एकाच कप्प्याचं सांगते, म्हणून माझा भरवसा व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरवर जास्त. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. उतरलेली बॅटरी चार्जरवर तासन्‌तास ठेवूनही 10.5 च्या आसपासच अडकली, तर बहुधा एक सेल मेलाय. सहा सेल, प्रत्येकी साधारण 2.1 व्होल्ट, त्यातला एक वजा केला की हाच आकडा येतो. अशा बॅटरीला चार्ज करत राहिलात तर उरलेल्या पाच सेलवर जादा व्होल्टेज येऊन ते उकळायला लागतात. नवी घ्या, जुनी दुकानात दिली की किमतीत थोडी सूट मिळते.

आता चिमटे. दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्याच हव्यात. टेम्पो-ट्रकच्या 24 व्होल्टवरून जंपर घ्यायचा नाही. हातातलं कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, डोळ्यांवर साधा का होईना पण बाजूने बंद असलेला चष्मा लावा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न चिकटलेल्या, बॉनेट पाच मिनिटं उघडी. मग लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल काकांच्या बॅटरीच्या प्लसला. काळा काकांच्या मायनसला. चौथा चिमटा, म्हणजे शेवटचा काळा, तुमच्या बॅटरीला लावायचा नाही. बॅटरीपासून हातभर लांब, इंजिनच्या ब्लॉकवर किंवा रंग नसलेल्या जाड नट-बोल्टवर तो पकडायचा. सर्किट तिथे पूर्ण होतं, त्यामुळे ‘टिच्’ करून ठिणगी पडते ती तिथेच. हीच ठिणगी मायनसच्या टर्मिनलवर पडली तर ती वायूच्या तोंडाशीच. लोक नेमकी हीच पायरी ‘त्यात काय’ म्हणून गाळतात.

काकांची गाडी चालू करून पाच मिनिटं तशीच ठेवा. मग तुम्ही सेल्फ मारा, एका वेळी पाच-सात सेकंद, मध्ये अर्धा मिनिट थांबून. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, आतली एखादी सैल जोडणी नेमकी त्याच क्षणी ठिणगी देते. म्हणून त्या वेळी कोणीही बॉनेटपाशी डोकावून बघत उभं राहू नये. गाडी चालू झाली की उलट क्रमाने सोडवा: आधी इंजिनवरचा काळा. काकांची गाडी हायब्रिड असेल तर तिचं मॅन्युअल आधी वाचा, बऱ्याच गाड्यांना दुसऱ्याला जंपर देण्याची मनाई असते.

एकदा चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर) रेटण्यापेक्षा चार्जर लावलेला बरा. क्षमतेचा दहावा भाग करंट द्या, म्हणजे 35 अँपिअर-तासाच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. आधी चिमटे, मग भिंतीवरचं बटण; काढताना आधी बटण. हा क्रम चुकला की ठिणगी थेट टर्मिनलवर. बेसमेंटच्या बंद कोपऱ्यात चार्ज करू नका, हायड्रोजन हलका असल्याने छताशी साचतो. गाडी चालू असताना टर्मिनलवर 15 च्या वर व्होल्ट दिसले तर दोष रेग्युलेटरचा (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणाऱ्या भागाचा), बॅटरी बदलून उपयोग नाही.

बॅटरी काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. प्लसचा नट उघडताना दहाचा पाना बॉडीला टेकला तर मायनस आधीच सुटलेला असल्याने काही होत नाही. उलट केलंत तर तोच पाना लालबुंद होतो. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. खडकवासल्याचं पाणी प्यायला कितीही चांगलं असो, बॅटरीला चालत नाही. बोअरचं तर मुळीच नाही. भरायचं चार्ज झाल्यावर, आधी भरलं तर चार्जिंगमध्ये उतू जातं. प्लेटा उघड्या दिसत असतील तर मात्र त्या बुडतील इतकं आधी घाला. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हेच लागू, आणि ती तर कपाटात कोंडलेली असते. दसऱ्याला बॉनेट उघडून ओवाळणार असाल तर निरांजन बॅटरीपासून लांब ठेवा.

अ‍ॅसिड डोळ्यात गेलं तर नळाखाली पापण्या उघड्या धरून निदान 20 मिनिटं पाणी सोडा, लेन्स असेल तर धुता धुताच काढा, आणि मग लगेच डॉक्टरकडे. डोळ्यात सोडा घालायचा नाही. फरशीवर सांडलं तर मात्र खायचा सोडा टाका, फसफसणं थांबेपर्यंत, मग पाण्याने धुवा. सुती कपड्यावर शिंतोडा उडाला असेल तर लगेच बदला. तेव्हा काही दिसत नाही, धुतल्यावर भोकं पडलेली दिसतात.