तेल्यावर ‘भिंत फोडणारं एंझाइम’ चालतं का? डाळिंब, टोमॅटो आणि दगडीविषयी आलेल्या प्रश्नांना उत्तर

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पंधरवड्यात आलेले तीन प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात, म्हणून त्यांचं उत्तर एकत्र देतो.

सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदारांनी विचारलंय, “साहेब, दुकानात नवीन औषध आलंय. विषाणूपासून काढलेलं एंझाइम आहे, जिवाणूची भिंतच फोडतं आणि तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूजन्य तेलकट डाग रोग) पुन्हा येत नाही, असं सांगतात. घेऊ का?” जुन्नरकडच्या एका टोमॅटो उत्पादकाची हिरवीगार झाडं दोन दिवसांत माना टाकतायत. हेच औषध आळवणीतून, म्हणजे मुळाशी ओतून, देऊ का, असं ते विचारतात. एका दूध उत्पादक ताईंच्या गाईला सारखी दगडी, म्हणजे कासदाह, होते. सडात सोडायच्या ट्यूबांनी गुण येत नाही, तर एंझाइमची ट्यूब मिळेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

डाळिंबवाल्या दादांना आधी सांगतो: घेऊ नका. दुकानदार सांगतोय ते शास्त्र खोटं नाही, पण ते तुमच्या रोगाला लागू पडत नाही.

ट्रॅक्टरचं चाक डोळ्यांसमोर आणा. आत हवा भरलेली ट्यूब, बाहेर टायर. टायर चिरला की ट्यूब त्या चिरेतून फुगून बाहेर येते आणि फुटते. जिवाणूचं असंच आहे. आतल्या नाजूक पडद्यावर मोठा दाब असतो आणि तो पेशीभित्तिका पेलते. ही भित्तिका साखरेच्या साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे प्रथिनांचे छोटे दुवे यांची विणलेली जाळी असते. जिवाणूला मारणारे विषाणू, म्हणजे फाज, आत शिरून स्वतःच्या प्रती काढतात. टी-4 नावाचा फाज साधारण अर्ध्या तासात शंभरावर प्रती तयार करतो. मग बाहेर पडायला वाट हवी. त्यासाठी एक प्रथिन आतल्या पडद्याला भोकं पाडतं आणि त्या भोकांतून एंडोलायसिन हे एंझाइम जाळीपर्यंत पोचून ती कापतं. जिवाणू फुटतो आणि पिल्लं बाहेर पडतात. काही जिवाणूही शेजारच्या जिवाणूंना मारायला अशी एंझाइमं सोडतात. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यात आणि अंड्याच्या पांढऱ्यात याच जातीचं लायसोझाइम असतं. ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये जगापुढे मांडलं, पेनिसिलीनच्याही आधी.

आता अडचण. हे एंझाइम फाज आतून वापरतो. आपण फवारणार बाहेरून. भित्तिकेच्या रचनेवरून जिवाणूंचे दोन मोठे गट पडतात. ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंची जाळी उघडी असते, तिथे बाहेरून टाकलेलं एंझाइमही काम करतं. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या जाळीवर मात्र आणखी एक स्निग्ध पडदा असतो, जणू टायरवर ताडपत्री घट्ट बांधलेली. साधं एंझाइम त्या ताडपत्रीवरच अडतं. तेल्याचा जिवाणू झँथोमोनास ग्राम-निगेटिव्ह आहे. कागदी लिंबावरच्या खैऱ्याचा जिवाणू त्याचाच भाऊबंद. आणि टोमॅटो, वांगी, आल्याच्या मर रोगाचा राल्स्टोनियाही ग्राम-निगेटिव्हच.

प्रयोगशाळेत हा फरक डोळ्यांनी दिसतो. काचपट्टीवर 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घेतात, त्यात जिवाणूची वाढ काडीने घोटतात आणि काडी हळूच वर उचलतात. जिवाणू ग्राम-निगेटिव्ह असेल तर गुळाच्या पक्क्या पाकासारखी चिकट तार निघते, कारण अल्कलीने बाहेरचा पडदा फाटून आतला डीएनए बाहेर सांडतो. पॉझिटिव्ह असेल तर थेंब पाण्यासारखाच राहतो. द्रावण दाहक आहे, घरी करू नका. पण कृषी विज्ञान केंद्रात गेलात तर दाखवायला जरूर सांगा.

मग अख्खा फाजच फवारला तर? ही कल्पना जास्त पक्की आहे, कारण फाजला ताडपत्रीतून आत शिरायची युक्ती जन्मतः येते. अमेरिकेत टोमॅटो आणि मिरचीवरच्या जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी फाजचं उत्पादन 2005 साली नोंदलं गेलं. पण एका जिवाणूचा फाज दुसऱ्याला चालत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी फाज लवकर मरतात, त्यामुळे फवारणी संध्याकाळीच करावी लागते. फ्लोरिडातल्या संशोधकांनी त्यांना पानावर टिकवायला साय काढलेल्या दुधाची पावडरसुद्धा मिसळून पाहिली. शिवाय तांब्याने फाज निकामी होतात. आपल्या डाळिंब बागेत बोर्डो, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं मिश्रण, तर ठरलेलंच. दोन्ही एकत्र आणले तर एकाचे पैसे वाया जाणार.

दादा, तेल्याला आजही आधार स्वच्छतेचाच आहे. रोगट फांद्या डागाच्या खाली दोन इंच निरोगी भागातून छाटा आणि त्या बांधावर न टाकता जाळा. प्रत्येक झाडानंतर कात्री 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. हे काम मजुरांवर सोडू नका, स्वतः उभे राहा. एका कात्रीने रोग ओळीच्या ओळी फिरतो, हे मी बागेत पाहिलंय. छाटणीनंतर 1 टक्का बोर्डो फवारा. मिश्रण ताजं करा आणि लोखंडी सुरी त्यात मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. तेल्याचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मृग बहाराऐवजी पावसाळा सरताना येणारा हस्त बहार धरा आणि बागेला तीन-चार महिने विश्रांती द्या. स्ट्रेप्टोमायसिनसारखी अँटिबायोटिकं दर आठवड्याला मारत राहू नका. ते माणसाच्या क्षयरोगावरचं औषध आहे. शेतात प्रतिकार तयार करून ठेवला तर तो आपल्याच घरी येईल.

टोमॅटोवाल्या भाऊंनी आधी मर जिवाणूची आहे की बुरशीची, ते ओळखावं. मानेजवळचा बोटभर लांबीचा खोडाचा तुकडा तिरपा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकवून ठेवा. काही मिनिटांत कापाच्या टोकातून दुधाळ धाग्यांचा धूर खाली उतरला, तर जिवाणू. मग आळवणीवर खर्च नको. झाडं मुळासकट उपटून शेताबाहेर काढा, पाट पाणी बंद करून ठिबकने द्या, पुढे मका किंवा ज्वारी घ्या. वांगी-मिरची त्या तुकड्यात लगेच नको.

ताई, तुमच्या प्रश्नात मात्र या शास्त्राला खरी जागा आहे. दगडीचं एक मोठं कारण स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू ग्राम-पॉझिटिव्ह आहे. त्याच्याच एका भाऊबंद जिवाणूत 1964 साली लायसोस्टॅफिन सापडलं, ते नेमका याचाच दुवा कापतं. 2005 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी दुधातच हे एंझाइम तयार करणाऱ्या जर्सी गाई घडवल्या आणि त्यांना या जिवाणूचा कासदाह कमी झाला. पण सडात बाहेरून सोडून पाहिलं तेव्हा गुण बेताचाच आला, कारण हा जिवाणू कासेच्या पेशींच्या आतही लपून बसतो. शिवाय दगडी ई-कोलाय या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूनेही होते, तिथे हे एंझाइम चालत नाही. म्हणून ट्यूब बदलत बसण्याआधी पशुवैद्यकांकडून दुधाचा नमुना तपासून घ्या, कोणता जिवाणू आहे आणि कोणतं औषध त्याला लागतं ते कळेल. रोज पहिल्या धारा काळ्या कापडावर काढून गुठळ्या बघा. बाधित गाय शेवटी पिळा. धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवा आणि गाय अर्धा तास बसू देऊ नका, पुढ्यात वैरण टाका. उपचार चालू असताना डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध डेअरीला घालू नका.

ज्यांनी बाटली आधीच घेतलीय त्यांनी लेबल बघावं. रोगावरच्या औषधावर कीटकनाशक कायद्याखालचा केंद्रीय नोंदणी क्रमांक, पिकाचं नाव आणि रोगाचं नाव हवंच. नुसतं ‘एंझाइम’ किंवा ‘जैव उत्तेजक’ लिहिलेलं असेल तर ते वाढीसाठीचं आहे. रोग बरा करतो असा दावा त्यावर करता येत नाही. तसा दावा केलेला दिसला तर बाटली न फोडता पक्क्या बिलासह तालुका कृषी कार्यालयात गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकांकडे आणा. लेखी तक्रार आम्ही तिथेच लिहून घेऊ.