वाचकांचे प्रश्न : दुकानाच्या इमारतीत इतिहास संग्रहालय

प्रश्न : आमच्या स्थानिक इतिहास मंडळाला एका व्यापारी कुटुंबाने आपली जुनी इमारत संग्रहालयासाठी दिली आहे. तळमजल्यावर मोठ्या काचांचे शोरूम, वरच्या मजल्यावर कार्यालयाच्या खोल्या आणि तळघरात गोदाम आहे. आतली काउंटरे, पार्टिशने, कपाटे काढून टाकावीत, भिंती पांढऱ्या कराव्यात आणि मोकळी दालने तयार करावीत, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. हे योग्य होईल का? सुरुवात कोठून करावी?

उत्तर : तोडफोड अजून सुरू झाली नसेल तर ती थांबवावी, ही पहिली विनंती. मोकळ्या दालनांची कल्पना बहुधा मोठ्या कलासंग्रहालयांवरून येते. लंडनमधील बँकसाइड वीजकेंद्रातील यंत्रे काढून तेथे २००० साली टेट मॉडर्न सुरू झाले आणि टर्बाइनच्या जागी उरलेले प्रचंड दालन आधुनिक कलाकृतींना शोभूनही दिसते. परंतु तेथे इमारत कलेसाठी जागा करून देते, तर स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात इमारत स्वतःच इतिहासाचा भाग असते. आपल्या गावाच्या व्यापाराची कथा सांगायची आणि ज्या काउंटरवर तो व्यापार चालला ते भंगारात द्यायचे, यातली विसंगती लोकांच्या लवकरच लक्षात येईल.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण न्यूयॉर्कमधील टेनेमेंट म्युझियमचे आहे. ऑर्चर्ड स्ट्रीटवरील १८६३ साली बांधलेल्या या इमारतीतील राहत्या खोल्या १९३५ मध्ये बंद झाल्या, पण खालची दुकाने चालू राहिली. १९८८ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली तेव्हा वरच्या खोल्या बऱ्याच अंशी जशाच्या तशा सापडल्या आणि भिंतींवरचे कागदांचे थर, रंग, फरशी हेच तेथे राहून गेलेल्या कुटुंबांचे पुरावे ठरले. पुढे २०१२ मध्ये खालच्या दुकानांवरही स्वतंत्र प्रदर्शन उभे राहिले आणि तेथे एकेकाळी असलेले जर्मन दांपत्याचे मद्यालय, त्यानंतरचे मांसविक्रीचे दुकान, लिलावघर असा एकाच जागेचा बदलत गेलेला संसार मांडला गेला. पहिल्याच महिन्यात सगळे साफ केले असते तर यातले काहीही सांगता आले नसते.

म्हणून सुरुवात नोंदीपासून करावी. प्रत्येक खोलीचे मोजमाप घेऊन नकाशा काढावा, प्रत्येक भिंतीचे छायाचित्र घ्यावे, जुन्या पाट्यांची अक्षरे, तिजोरीची जागा, लाकडी खणांवरच्या खुणा, मालाच्या लिफ्टचे यंत्र हे सर्व टिपून ठेवावे. काय काढायचे हे त्यानंतर ठरवावे, आणि जे काढाल त्याचा नमुना जपून ठेवावा.

यानंतरचे बहुतेक निर्णय एकाच फरकातून ठरतात. दुकानाची इमारत माल लवकरात लवकर बाहेर जावा यासाठी बांधलेली असते. संग्रहालयात आलेली वस्तू मात्र तेथेच राहायची असते, आणि राहणाऱ्या वस्तूचे वजन, तिला लागणारी हवा आणि तिच्यापर्यंत पोहोचणारे पाणी यांचा विचार दुकानदाराला कधी करावा लागलेला नसतो. कार्यालयाचा मजला साधारणपणे प्रति चौरस मीटर २५० ते ३०० किलो भारासाठी योजलेला असतो. लोकांची गर्दी होणाऱ्या दालनासाठी ४०० ते ५०० किलोचा हिशेब धरावा लागतो, कागदपत्रांनी भरलेल्या उंच मांडण्यांसाठी ७०० किलोंहून अधिक, आणि रुळांवर सरकणाऱ्या कपाटांसाठी त्याच्या जवळजवळ दुप्पट. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल हातात येईपर्यंत वरच्या मजल्यावर जुन्या चोपड्यांचे कपाटही ठेवू नये.

त्याच कारणाने सगळे जड सामान तळघरात नेण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते अशा रूपांतरांतील सर्वांत महाग चूक हीच असते. पुराचे, फुटलेल्या नळाचे आणि तुंबलेल्या गटाराचे पाणी शेवटी तळघरातच येते, शिवाय तेथील ओलसर हवेत कागदाला बुरशी लागते. ते गोदाम प्रदर्शनाच्या मांडण्या, पॅकिंगचे साहित्य, खुर्च्या यांसाठी वापरावे. मूळ वस्तूंचे भांडार तळमजल्याच्या मागील बाजूस, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या आणि वरून पाण्याची पाइप न जाणाऱ्या खोलीत करावे, आणि सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून किमान दहा-पंधरा सेंटिमीटर वर ठेवावा. भांडाराची जागा प्रदर्शनाच्या आधी ठरवावी. दालने आधी ठरली की भांडाराच्या वाट्याला जिन्याखालची खोली येते.

वापर बदलण्याची परवानगी, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार या गोष्टी पहिल्या आराखड्यातच घ्याव्यात. मालाची लिफ्ट दुरुस्त होण्यासारखी असेल तर ती काढू नये.

प्रश्न : शोरूमच्या मोठ्या काचा रस्त्यावरून फार छान दिसतात. तेथे जुनी वस्त्रे आणि छायाचित्रे लावावीत, असे सर्वांना वाटते.

उत्तर : तेथे मूळ वस्त्रे आणि छायाचित्रे लावू नयेत. प्रकाशाने होणारी हानी साचत जाते आणि ती भरून येत नाही. उडालेला रंग अंधारात ठेवल्याने परत येत नाही. कापड, कागद आणि जलरंग यांवर सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) एवढाच प्रकाश असावा, तैलचित्रे आणि रंगवलेल्या लाकडासाठी २०० लक्सपर्यंत चालतो, आणि उन्हाच्या दिवशी खिडकीजवळ हजारो लक्स प्रकाश असतो. काचेवर अतिनील किरण अडवणारी फिल्म जरूर लावावी, परंतु दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग उडतातच. दर्शनी काचांमागे धातूची वजने, दगड, काच, मातीची भांडी किंवा छायाचित्रांच्या मोठ्या प्रती मांडाव्यात. दिवसभर उजेड लागणारा स्वागतकक्षही तेथेच शोभेल. वस्त्रे आतल्या दालनात ठेवावीत आणि तेथेही दर तीन-चार महिन्यांनी बदलावीत.

मांडणीच्या पेट्यांबाबतही एक सूचना करावीशी वाटते. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या) यांतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे शिसे गंजते आणि बंद पेटीत ती प्रक्रिया वेगाने होते. ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी याचसाठी आहे : साहित्याचा तुकडा चांदी, शिसे आणि तांबे यांच्या पट्ट्यांसह थोड्या ओलाव्यात, बंद नळीत, ६० अंश सेल्सिअसवर २८ दिवस ठेवतात आणि पट्ट्यांवर काय परिणाम झाला ते पाहतात. पावडर कोटिंग केलेला धातू आणि काच वापरली तर बरीच चिंता मिटते.

प्रश्न : बातमी पसरल्यापासून लोक वस्तू आणून देत आहेत. कोणालाही नाही म्हणणे जड जाते. काय करावे?

उत्तर : संग्रहात काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही याचे एक पानी धोरण मंडळाने आधी मंजूर करावे, म्हणजे नकार एका व्यक्तीच्या तोंडी येणार नाही. घेतलेल्या प्रत्येक वस्तूसाठी मालकी मंडळाकडे आल्याचे सही केलेले दानपत्र हवे. ‘सध्या ठेवा, नंतर बघू’ अशा बोलीवर काहीही घेऊ नये, कारण तीस वर्षांनी वारस आले की भांडण होते. दाखल नोंदवहीत वर्ष, त्या वर्षातील देणगीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक असा तीन भागांचा आकडा द्यावा. कापडावर तो सुती पट्टीवर लिहून टाक्यांनी जोडावा, लाकडावर किंवा धातूवर नंतर काढता येईल अशा लाखेच्या थरावर लिहावा. नवी वस्तू थेट भांडारात न नेता काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून कसर, वाळवी आणि बुरशी तपासावी.

मात्र संग्रह केवळ वस्तूंनी भरत नाही. केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ मध्ये केवळ गोऱ्या लोकांसाठी जाहीर झाली आणि पुढे साठ हजारांहून अधिक रहिवाशांना तेथून हुसकावले गेले. तेथील संग्रहालय १९९४ मध्ये एका जुन्या चर्चमध्ये उघडले, तेव्हा जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरलेला होता आणि माजी रहिवाशांनी त्यावर आपापल्या घरांच्या जागा स्वतःच्या हाताने लिहिल्या. आपल्या इमारतीत हिशेबनीस, विक्रेते, हमाल म्हणून काम केलेली माणसे आज वृद्ध असतील. आपण तयार केलेला खोल्यांचा नकाशा त्यांच्यापुढे पसरावा, कोण कोठे बसत होते आणि कोणता माल कोठे उतरत होता ते त्यांच्याकडूनच त्यावर लिहून घ्यावे आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. भिंतींना रंग लावण्याचे काम त्यानंतर आले तरी चालेल.