मुधोळच्या बरगड्या दिसतात, काळजी करावी का?

प्रश्न : आमच्याकडे दहा महिन्यांचा मुधोळ जातीचा नर कुत्रा आहे. दूध-भाकरी पोटभर खातो, तरी बरगड्या दिसतात. शेजारी म्हणतात, उपाशी ठेवता. सोडला की शेळ्यांमागे सुटतो, हाकेला वळत नाही, म्हणून दिवसभर साखळीला असतो. काय करावं? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही या जातीची ठेवणच आहे. पुरा वाढलेला नरही साधारण 20 ते 28 किलोंचा असतो, त्याला गुबगुबीत करू नका. मात्र पाठीचे मणके हाताला टोचू लागले किंवा हिरड्या फिक्या पडल्या, तर जंत वा गोचीडताप असू शकतो. विष्ठा आणि रक्त तपासून घ्या. तुमच्या भागातल्या पावसात कानामागे, बोटांच्या बेचक्यात रोज गोचीड बघावेत.

नुसत्या दूध-भाकरीत प्रथिनं कमी पडतात. दोन वेळच्या खाण्यात मिळून 3 मध्यम भाकऱ्या, 2 उकडलेली अंडी आणि पाव किलो शिजवलेलं, हाडं काढलेलं चिकन द्या. जुलाब होत असतील तर दूध बंद. कांदा-लसणाचा रस्सा भाकरीवर कधीही ओतू नका, तो कुत्र्याचं रक्त कमी करतो.

खरी अडचण साखळीची आहे. हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. पळती वस्तू दिसली की त्याला हाक ऐकूच येत नाही, तो मुद्दाम अवज्ञा करत नाही. सकाळी-संध्याकाळी कुंपणाच्या मोकळ्या जागेत वीस-वीस मिनिटं पळू द्या. खाल्ल्यावर दोन तास मात्र पळवू नका, पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. वर्षाचा होईपर्यंत डांबरी रस्त्यावर गाडीमागे पळवणंही टाळा, सांधे अजून कच्चे आहेत. बाहेर नेताना दीड-दोन इंच रुंद पट्टा हवा. डोकं निमुळतं असल्यानं साधा पट्टा सटकतो, आणि अरुंद असला तर हिसक्यानं मान दुखावते. शेळ्या लांबून दाखवा, शांत राहिला की लगेच अंड्याचा तुकडा द्या. अंतर आठवड्या-आठवड्यानं कमी करा. ससे धरायला सोडणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

अंगावर चरबी आणि केस दोन्ही कमी, म्हणून पावसाळ्यात कोरड्या पिंजरावर (भाताच्या पेंढ्यावर) पोतं अंथरून झोपवा. पुढे नसबंदी करायची झाल्यास भूल देण्याआधी जात डॉक्टरांना आवर्जून सांगा. थायोपेंटलसारख्या भुलीतून ही कुत्री फार उशिरा शुद्धीवर येतात.