रहम, रहमीम आणि पोटातली माया

एका वाचकाने विचारलं आहे: हिब्रू शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, देवाच्या दयेसाठी ‘रहमीम’ हा शब्द येतो. आपण ‘रहम कर’ म्हणतो तो हाच का? आणि त्याला मराठीत दया म्हणावं, कृपा की करुणा?

घराणं एकच, पण आपला रहम हिब्रूतून आलेला नाही. तो मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत उतरलेला. हिब्रू आणि अरबी या एकाच सेमिटिक कुळातल्या भाषा, त्यामुळे र-ह-म हा धातू दोघींकडे वारशानेच आहे. (यातला ह घशातून घासत काढायचा.) रहमान, रहीम हेही त्याचेच.

हिब्रूत याच धातूचा ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. रहमीम हे रूपाने अनेकवचन. शलमोन राजापुढे दोन बाया एकाच मुलावर हक्क सांगतात आणि राजा तलवार मागवतो, तेव्हा खऱ्या आईचे ‘रहमीम’ पेटून उठतात, असं मूळ वाक्य आहे. आपण म्हणू, तिच्या पोटात कालवलं. तिचं आतडं तुटलं. इथे ‘तिला दया आली’ असं भाषांतर केलं तर आई परकी वाटते.

म्हणून दया हा शब्द मला अपुरा वाटतो. दया वरून खाली येते. ‘माया’ किंवा ‘कळवळा’ जास्त जवळचे. चूक ‘पोटात घालणं’ हा तर आपला अस्सल वाक्प्रचार, आणि विठोबालाही माउली म्हणणाऱ्या भाषेला देवाचं पोट समजायला अवघड नाही. मात्र धातूचा अर्थ फार ताणू नये. धाकट्या भावाला, बन्यामिनाला पाहून योसेफाचेही रहमीम असेच पेटतात, आणि १०३व्या स्तोत्रात बाप लेकरांवर माया करतो त्यालाही हेच क्रियापद आहे.

‘कृपा’साठी वेगळा धातू आहे. त्यातून ‘हन्नून’, म्हणजे कृपाळू. योहान हे नावही त्यातलंच. तिसरा शब्द ‘हेसेद’. मराठी बायबलात १३६व्या स्तोत्राच्या २६ ओव्यांपैकी प्रत्येकीत ‘त्याची दया सनातन आहे’ येतं, तिथे मुळात हेसेद आहे. पण त्यात कळवळ्यापेक्षा बांधिलकी मोठी. कराराने जोडलेल्या माणसाला अंतर न देणं म्हणजे हेसेद. आपल्याकडे मिठाला जागतात, शब्दाला जागतात. तसं हे नात्याला जागणं.

निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात हे तिन्ही शब्द देव स्वतःबद्दल वापरतो, आणि तेही लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजल्यानंतर. तिथेच ‘एरेख अप्पयिम’ आहे. मराठी बायबलात त्याला ‘मंदक्रोध’ असा सुरेख शब्द योजला आहे. शब्दशः अर्थ मात्र लांब नाकाचा! हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक आणि राग दोन्ही. ज्यांच्या भाषेत राग नाकावर असतो त्यांना हे वेगळं समजवायला नको. त्या नाकावर राग यायला वेळ लागतो, एवढंच.

र-ह-म सगळ्यात बोचतो तो होशेयच्या पुस्तकात. आपल्या लोकांवर यापुढे माया करणार नाही, याची खूण म्हणून देव संदेष्ट्याला मुलीचं नाव ‘लो-रुहामा’ ठेवायला सांगतो. लो म्हणजे नाही. जिच्यावर माया केली गेली नाही ती. हे नाव वाचलं की मला आपल्याकडची ‘नकोशी’ आठवते. सातारा जिल्ह्यात २०११ साली दोनशेहून अधिक नकोशींना समारंभाने नवी नावं दिली गेली. होशेयच्या पुढच्याच अध्यायात तिच्या भावांना सांगितलं आहे, बहिणीला ‘रुहामा’ म्हणा. नाव तेच, फक्त पुढचा ‘लो’ गळला आहे.